काडीचा कोळसा आणि मामांचे कान

आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत छाटणी झाली की आप्पा, म्हणजे माझे वडील, काड्यांचे भारे बांधावर रचून पेटवून द्यायचे. लहानपणी मला त्या शेकोटीची मजा वाटायची. पुढे मी धातुशास्त्र शिकले, सिन्नरच्या एका पोलाद कारखान्यात लागले, आणि तोच धूर बघून जीव तुटायला लागला. कारण आमच्या विजेच्या भट्टीत आम्ही रोज खाणीतल्या कोळशाचा कोक फुंकत होतो. वेलीतला कार्बन वेलीनं काल-परवा हवेतूनच घेतलेला असतो, जाळला की तो जिथला तिथं परत जातो. खाणीतला मात्र जो वर चढतो तो नव्यानं भर घालतो. हे मी साहेबांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी कंटाळून त्यांनी तीन हीटची परवानगी दिली. हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा. "तीन. चौथी मागायची नाही," म्हणाले.

आप्पांना सांगितलं तर ते हसले. "माझ्या काडीनं तुझं लोखंड वितळणार? लयच शिकलीस तू!"

मी समजावलं की वितळवायला वीज आहे, काडी हवी ती फेसासाठी. वितळलेल्या लोखंडावर स्लॅगचा, म्हणजे मळीचा, थर तरंगतो. त्यात कोळशाची पूड फुंकली की तो उकळत्या दुधासारखा फुगून वर येतो आणि विजेच्या झोताला पांघरूण घालतो. फेस बसला की झोत उघडा पडतो आणि लोखंडाऐवजी भट्टीच्या भिंती भाजायला लागतात. दुधाचं आप्पांना पटलं. त्या वर्षी त्यांनी काडी पेटवली नाही, शेजारच्या दोघा बागाईतदारांनाही पेटवू दिली नाही. सगळी काडी पत्र्याच्या पिंपांत, झाकण लावून, दिवसचे दिवस भाजली आणि काळीभोर पोती माझ्याकडे पाठवली. वर फोन केला, "साऱ्या गावाला सांगून बसलोय. तोंडघशी पाडू नको."

पण ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. कोळशाचा व्हॉल्व्ह मामांच्या हातात होता.

मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेल्टर, म्हणजे भट्टी चालवणारे, नांदगावचे. तीस वर्षं भट्टीसमोर उभे. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा, साहेबसुद्धा. भट्टीचा आवाज विमानतळावर उभं राहिल्यासारखा असतो, म्हणून आम्ही सगळे कानांवर मफ घालायचो. मामा कधीच नाही. "कान झाकल्यावर भट्टी बोलंल कुणाशी?" असं म्हणायचे. ते खरंच होतं. फेस वर आला की गर्जना दबते, जड गोधडीखालून आल्यासारखी येते. फेस बसला की पुन्हा कान फाडते. मामा त्या आवाजावर कोळसा सोडायचे, आणि त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पहिल्या हीटला माझा कोळसा आत गेला आणि फेस असा झरकन वर आला की मी उडीच मारली. पण काही मिनिटांत तो बसला. झोत उघडा पडला, भिंतीतून फिरणारं पाणी तापलं, अलार्म किंचाळला. मामा मात्र शांत उभे. लाल दिवा लागल्यावर कुठं त्यांनी व्हॉल्व्ह उघडला. दुसऱ्या हीटला तस्संच, अगदी दिवा लागेपर्यंत. भिंतीचा एक तुकडा भाजून निघाला.

"काडीचा कोळसा फसवा हाय," मामा सगळ्यांसमोर म्हणाले. "कोकची सर नाय त्याला."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी तोंडावर म्हणाले नाही, पण मनात दहा वेळा म्हणाले. मला वाटलं, म्हातारा मुद्दाम उशीर करतोय, नव्या बाईचं नवं खूळ त्याला बुडवायचंय. तसं मी चहाच्या टपरीवर दोघा-तिघांना बोलूनही दाखवलं. त्याची मला आजही लाज वाटते.

त्याच दुपारी भंगाराच्या यार्डातून मामा पुढे चालले होते आणि मी मागे. एक ट्रक रिव्हर्स येत होता. क्लीनर ओरडत होता, हॉर्न वाजत होता. मामा सरळ त्याच्या वाटेत चालत राहिले. मी धावत जाऊन त्यांची बाही खेचली, आणि ट्रक हातभर अंतरावरून गेला. मामांनी आधी ट्रककडं पाहिलं, मग माझ्या ओठांकडं. तेव्हा मला कळलं घोडं कुठं पेंड खातंय ते.

"कधीपासून, मामा?" मी ओठ सावकाश हलवत विचारलं.

"चार वर्सं झाली आसतील, ताई," ते म्हणाले. " कोकचा फेस ठरल्या येळंला बसतो. एकदा सोडला की मी मनात आकडं मोजीत ऱ्हायचो. कुणाला कळलं नाय. तुमची काडी मोजूच देत नाय."

म्हणजे कोळसा फसवा नव्हताच. तो हलका होता, चटकन पेटायचा, चटकन विझायचा. त्याला थोडं थोडं आणि सतत द्यावं लागणार होतं, कान लावून. आणि ज्या कानांनी तीस वर्षं भट्टी ऐकली ते कान भट्टीनंच खाल्ले होते.

"रिटायर व्हायला सा महिनं राह्यलेत," मामा म्हणाले. "भट्टीच्या प्लॅटफॉर्मवरून उतरवलेला मेल्टर म्हणून घरी नाय जायाचं मला."

मी सांगणार नाही म्हणाले. तेव्हा मला ती दया वाटली. आता विचार करते तेव्हा तिच्यात स्वार्थही दिसतो. बहिरा माणूस भट्टीवर उभा आहे हे कळलं असतं तर तिसरी हीट कुणी होऊच दिली नसती, आणि आप्पांची पोती गोदामात पडून राहिली असती. ऐकू न येणाऱ्या माणसाच्या चुकीनं कुणी भाजलं असतं तर, हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवशी विचारलाच नाही.

तिसऱ्या हीटला मी मामांच्या मागे उभी राहिले. मफ काढून गळ्यात अडकवले आणि उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. गर्जना वर येऊ लागली की एक थाप, फेस चढला की दोन. पहिल्यांदा मी घाबरून उशिरा थाप दिली. मग जमलं. मामांचा हात व्हॉल्व्हवर इतका हळू फिरत होता की मला आईचा भाकरी थापतानाचा हात आठवला. फेस चढला, टिकला, बसायच्या आत पुन्हा चढला. लाल दिवा शेवटपर्यंत लागला नाही. लोखंड ओतलं तेव्हा माझे कान गच्च झाले होते, आत शिट्टी वाजत होती, आणि मी उभ्या जागी रडत होते.

साहेब जिना चढून वर आले. खुशीत होते. त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्यानं, तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, "मामा, कमाल केलीत! उद्यापासून हाच कोळसा. दोन्ही शिफ्टच्या मेल्टरना तुम्ही शिकवायचं, कसा ऐकायचा ते."

मामा साहेबांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मान डोलावली असती तरी भागलं असतं. सहा महिने निघाले असते. मी तोंड मिटून होते. खरं सांगायचं तर, त्यांनी मान डोलवावी असंच मला वाटत होतं.

"मला ऐकू येत नाय, साहेब," मामा म्हणाले. "चार वर्सं झाली. आज ताईंनी ऐकलं. मी शिकवलं तर ती पोरं माझ्यावानी आकडं मोजतील आन् भाजून मरतील. मला खाली उतरवा."

साहेबांनी हेल्मेट काढून हातात घेतलं.

मामांनी व्हॉल्व्हच्या दांड्यावरचा आपला हातमोजा काढला, घडी घालून खिशात ठेवला. मग माझ्यापाशी आले. माझ्या गळ्यात लोंबणारे मफ त्यांनी दोन्ही हातांनी उचलले आणि माझ्या कानांवर नीट बसवले, आधी डावा, मग उजवा. भट्टी एकदम दूर गेली.

मामांचे ओठ हलले. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.