पाठ टेकण्याचा पहिला दिवस

बायको गेल्यापासून माझी मुलगी कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हती. आत्या जवळ घ्यायला आली की ती मागे सरकायची. वेणी घालून घ्यायला नको म्हणून तिने केस कापून टाकले. मोटारसायकलवर माझ्या मागे बसली तरी माझ्या खांद्याला न धरता पाठीमागची कडी धरायची. वय बारा. रडत नसे, अभ्यास करी, ताटातलं संपवी. तक्रार करावी असं काहीच नव्हतं, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच.

शाळेतल्या खेळाच्या सरांनी कुस्ती सुचवली. मी म्हटलं, जी हात लावू देत नाही ती कुस्ती काय करणार? ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. एकदा नेऊन तर बघा." मुलीला विचारलं. ती "बरं" म्हणाली. तेव्हा ती सगळ्यांनाच "बरं" म्हणायची.

मी कोपरगाव तालुक्यात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची आणि वजाबाकी करायची. तयारीशिवाय कुठे जाणं मला जमत नाही. कुस्तीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की पैलवान दूध-बदाम खातात. म्हणून निघायच्या आधी बदाम वाटून घातलेलं मोठा पेलाभर दूध तिला दिलं आणि वर दोन केळी. तिने निमूटपणे सगळं संपवलं.

मुलींचा वर्ग बाजारतळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरतो. तांबडी माती असेल असं मी धरून चाललो होतो. तिथे मॅट होती, निळी, कडेला चिकटपट्ट्या लावलेली. शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या, पूर्वी स्वतः खेळलेल्या. त्यांनी आधी मुलीची नखं बघितली आणि नेलकटर हातात दिलं. कानातले काढायला लावले. मग वजन घेतलं. एक्केचाळीस किलो. तो काटा बरोबर आहे का, हे मी उगाचच वाकून पाहिलं.

डाव शिकवतील असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी डाव नसतो. मुली मॅटला बोटं लावून कपाळाला लावतात, मग धावतात, कोलांट्या मारतात, आणि त्यानंतर पडायला शिकतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, तळहात मॅटवर आपटायचे. पुन्हा उठायचं, पुन्हा पडायचं. मुलीला पहिल्यांदा नेणाऱ्याने हे धरूनच जावं, की बराच वेळ ती नुसती पडताना दिसेल. माझी मुलगी पडण्यात चांगली निघाली. त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही.

मग जोड्या लावल्या. तिच्या वाट्याला तिच्याच वजनाची, वर्षभराने मोठी मुलगी आली. एकमेकींची मान आणि मनगट धरून उभं राहायचं होतं. माझी मुलगी ताठ झाली. हात पुढे केले, पण बोटं मिटेनात.

"अगं धर की! चावत न्हाई मी," जोडीदारीण म्हणाली. "लांबून काय बघती, पाव्हनी हायेस का?"

बाकीच्या हसल्या. तेवढ्यात त्या मुलीने तिचा पाय ओढला, तिला खाली घेतलं आणि छातीवर आडवी पडली. पाठ टेकली की कुस्ती संपली, हे मलाही माहीत होतं. पण मॅडम म्हणाल्या, "सोडू नकोस. तिचं तिला सुटू दे."

माझ्या मुलीने डोळे मिटले होते. मी मनात म्हटलं, संपलं, ही आता इथे पाय ठेवणार नाही. मग तिने टाचा रोवल्या, कंबर उचलली आणि दोन्ही हातांनी त्या मुलीला ढकललं. इतक्या दिवसांत तिने कुणाला ढकलल्याचंही मी पाहिलं नव्हतं. ती कुशीवर वळली, गुडघ्यांवर आली, आणि ओकली. दूध, बदाम, केळी, सगळं मॅटवर.

मी धावलो.

"काका, तिथंच थांबा," मॅडम म्हणाल्या. "काय खाऊन आलीय?"

"दूध-बदाम," मी सांगितलं. "आणि केळी."

"काकांना एका दिवसात पैलवान करायचीय!" भिंतीकडून कुणीतरी म्हणालं.

मॅडम हसल्या नाहीत. "खेळायच्या आधी पोट हलकं पाहिजे, काका. दूध-बदाम खेळून झाल्यावर."

जोडीदारीण तिथेच बसली होती. तिने एक हात माझ्या मुलीच्या कपाळाला लावला आणि दुसऱ्याने पाठ चोळत राहिली. आता ही अंग चोरणार म्हणून मी बघत होतो. पुन्हा उमासा आला. माझ्या मुलीने डोक्याचा सगळा भार त्या तळहातावर टाकला आणि तसाच राहू दिला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मला काही करायचं उरलं नव्हतं.

मॅट घाण झाली तर ती जोडीने पुसायची, एकटीने नाही, असा तिथला नियम आहे. दोघी बादली आणि फडकी घेऊन आल्या. एकीने पुसलं, दुसरीने त्यावर औषधाचं पाणी फिरवलं. मग फडकी धुवायला दोघी बाहेरच्या नळावर गेल्या. मी मोटारसायकलपाशी जाऊन थांबलो.

"उद्या येनार का?" जोडीदारणीने फडकं पिळता पिळता विचारलं.

"येईन. पण तू लई जोरात दाबतीस."

"मग काय, कुरवाळू?"

माझी मुलगी काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. फडक्याचं दुसरं टोक तिच्या हातात होतं आणि दोघी दोन बाजूंनी पीळ देत होत्या. अंधारून आलं होतं, घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या. मी तिला हाक मारली नाही.