बिस्किटाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

आमच्या गल्लीत सगळे त्याला रेडिओ स्टेशनच म्हणायचे. खरं तर आमच्या बाहेरच्या खोलीत एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक माइक, एवढाच पसारा. तिथून तारा ओढून चहाच्या दोन हॉटेलांत, पिठाच्या गिरणीत आणि कोपऱ्यावरच्या विडी कारखान्यात स्पीकर टांगलेले. बोलणारे आमचे हे. आवाज असा, की ऐकणारीनं हातातलं काम विसरावं. मी स्वतः विसरले होते, म्हणून सांगते.

सत्तर साल उलटलं तेव्हा बरं चाललं होतं. सकाळी भजन, दुपारी फर्माईश, संध्याकाळी नळाला पाणी कधी येणार ते. पुढे ज्याच्या-त्याच्या हातात ट्रान्झिस्टर आला. हॉटेलवाल्यांनी स्पीकर काढले, मग गिरणीवाल्यानंही. राहिला विडी कारखाना. तिथल्या बायका, बहुतेक तेलुगू, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायच्या आणि ऐकायच्या. "तेवढा कारखाना टिकला तर स्टेशन टिकलं," हे म्हणायचे.

फर्माईशीच्या चिठ्ठीसाठी दाराला बिस्किटाचा रिकामा डबा टांगला होता. एकदा पुसायला काढला आणि चिठ्ठ्या वाचल्या. नावं सात, अक्षर एक! जांभळी पेन्सिल, कोपऱ्यात फूल, आणि प्रत्येकीच्या शेवटी 'तुमचा आवाज लई गोड'. माझं डोकंच फिरलं. एक बाई सात नावं घेऊन माझ्या नवऱ्याला लिहिते, म्हणजे काय! विचारलं, तर हसून म्हणाले, "बायका लिहितात गं, कोण ते मला काय ठाऊक?" यात हसण्यासारखं काय होतं? हसले म्हणूनच माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापायच्या आधी मी डबा उघडायला लागले. जांभळ्या अक्षराच्या चिठ्ठ्या तेवढ्या काढायच्या आणि ज्वारीच्या डब्यात तळाशी दडपायच्या. चुलीत का घातल्या नाहीत? पुरावा नको का! एक दिवस तोंडावर फेकणार होते. त्या काढल्यावर बिस्किटाच्या डब्यात फारसं काही उरायचं नाही.

दुपारी हे डबा उलटा करून झटकायचे. "लोकांना फर्माईश नकोशी झाली बघ," म्हणायचे. मग त्यांनी बाजारभाव सुरू केले. मग आरोग्याच्या सूचना. मग अक्कलकोटहून कुणाकडून तरी आणलेली कन्नड भजनं. तेलुगू बायकांना कन्नड भजनं! मला मेलीला हसू यायचं. सटवीची खोड मोडली म्हणून बरंही वाटायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईची बोटं मी बघायची, जांभळा डाग आहे का म्हणून. शेजारणीलासुद्धा सोडलं नाही.

एक दिवस कारखान्यातून निरोप आला, स्पीकर घेऊन जा, बायकांनी मिळून ट्रान्झिस्टर आणलाय. हे शिडी घेऊन गेले आणि स्पीकर बगलेत धरून परत आले. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दारात एक म्हातारी उभी. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोटं तंबाखूनं पिवळी, आणि अंगठ्याला जांभळा डाग.

"अक्का," ती म्हणाली, "आमच्यातल्या बायांना लिवायला येत न्हाय. मी चौथी शिकलेली, म्हणून समद्यांची चिठ्ठी मीच लिवते. रोज टाकली. साहेबांनी एक वाचली न्हाय. पोरी म्हणाल्या, आपण विडीवाल्या, आपलं नाव कशाला घेतील? आमचं काय चुकलं, तेवढं सांगा की."

माझे हात पिठात होते. ते तसेच राहिले. आतून हे उठून आले.

"आजी, चिठ्ठी आलीच नाही हो. आली असती तर वाचली नसती का?"

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पायऱ्या उतरून गेली.

यांनी दाराचा डबा काढून पुन्हा एकदा उलटा झटकला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं बोलतेय गं म्हातारी. टाकल्या असत्या तर डब्यात नसत्या सापडल्या?"

ज्वारीचा डबा माझ्या पाठीशीच होता.

"व्हय की," मी म्हणाले.