मला 'बोगस बियाणं' म्हणणाऱ्या काकांसाठी

परवा बुलढाण्याला कोर्टात माझा बाप सिद्ध झाला. हो, असंच म्हणायचं... तिशीला टेकलेल्या बाईला आपला बाप कोण हे पुराव्यानिशी दाखवावं लागलं, तर दुसरं काय म्हणणार?

मी धामणगाव बढेत पार्लर चालवते. भुवया कोरून घेताना बायका माझ्याशी गोड बोलतात आणि पायऱ्या उतरल्या की माझ्याच जन्माची चर्चा करतात. म्हणून म्हटलं, आज आपणच सगळं सांगून टाकू.

आईचा पहिला नवरा वारला. मग माझ्या बाबांशी तिचा पाट लागला. पाट म्हणजे चार माणसांत उरकलेलं दुसरं लग्न... ना पत्रिका, ना फोटो. मी त्यानंतर जन्मले, तेही घरातच, आणि जन्माची नोंद कुणी केलीच नाही.

बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या साली बाबा गेले. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला. तेरवी झाली आणि काका म्हणाला, ही पोरगी आईने आधीच्या घरून आणलेली आहे, वावरात हिचा कसला हिस्सा?

त्याच काळात गावात बीटी कपाशीच्या बियाण्याची बोगस पाकिटं निघाली होती. काका पारावर बसून सगळ्यांना सांगायचा, "पाकिटावर नाव माह्या भावाचं, आत बी दुसऱ्याचंच हाय."

फार राग यायचा... अजूनही येतो. कपाशीच्या पानाचा रस काढून बी खरं की खोटं ते तपासता येतं, मग माझं का नको? मी केस टाकली.

पण तपासणार कशावरून? आई आधीच वारलेली, बाबांना अग्नी दिलेला. काकाने स्वतःचं रक्त द्यायला साफ नकार दिला. आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, कोर्टात सांगितलं की ही माझ्याच लेकाची... तर काकाच्या वकिलाने 'म्हातारीला भ्रम झालाय' म्हणून उडवून लावलं. आजी तेव्हा काकाच्याच घरी राहत होती, तरी बोलली.

मग माझ्या वकिलांनी डीएनएवर संशोधन करणाऱ्या एका मॅडमशी गाठ घालून दिली. त्यांनी समजावलं की बाप मुलीला एकच एक्स क्रोमोसोम देतो, आणि तो त्याला त्याच्या आईकडून मिळालेला असतो. म्हणजे आजीचं काहीतरी बाबांच्या हातून माझ्यापर्यंत आलंय. आजीच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की पुरे... बघा, इथेही कापूसच!

कोर्टाने परवानगी दिली. सॅम्पल द्यायच्या दिवशी काकाने कळवलं, आजी आजारी आहे, येणार नाही. मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून रडत होते, खोटं कशाला सांगू... आणि आजी आली. शेजारणीला सोबत घेऊन, काळीपिवळी जीपमध्ये बसून. मागोमाग मोटरसायकलवर काका.

तो सगळ्यांसमोर ओरडला, "तोंड उघडलं तं घरात पाय ठिवू देनार नाही!"

आजीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांना म्हणाली, "इची नाळ म्या कापली. माह्या तोंडचं कोनाले खरं वाटलं नाही... मंग आता तोंडातलं थुंकच घ्या." आणि मोठ्ठा आ करून बसली.

त्या दिवसापासून आजी माझ्याकडे राहते. अंगावरच्या लुगड्यानिशी आली ती आलीच. पार्लरमधल्या बायकांना ती हीच गोष्ट सांगते, आणि फेशियल संपलं तरी कुणी उठत नाही.

रिपोर्ट जुळला. परवा निकाल लागला. घरी येऊन आजीला वाचून दाखवला, तर वैतागून म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यली? तुह्या काकाले सांग."

म्हणून ही पोस्ट, काका. अपील करणार म्हणता ना... करा, हौस भागवून घ्या. आता मी रडणार नाही.

आजीचे उपकार फेडायची माझी ऐपत नाही, त्या मॅडमचेही नाही. पण वावर हातात आलं की कपाशीचं बी घ्यायला आजीला सोबत नेणार आहे. दुकानदाराकडे पक्की पावती मागणार आणि तिच्यावर माझं पूर्ण नाव लिहायला लावणार... मधलं नावसुद्धा.