नोंदणीच्या टेबलामागची आत्या

माझी आत्या छत्तीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. निवृत्त झाली ती नोकरीतून, स्वभावातून नाही. बाबा म्हणायचे, हिच्याकडे पाहुणा आला तरी आधी दारात फॉर्म भरून घेईल. तिने लग्न केलं नव्हतं. पोरांचा तिला मनापासून लळा होता, पण तिच्या चेहऱ्यावरून ते कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आमच्या चर्चमध्ये दर उन्हाळ्यात दहा दिवस मुलांचे वर्ग चालत. सकाळी नऊ ते बारा गाणी, बायबलमधल्या गोष्टी, कागदाच्या वस्तू बनवणं. शेवटच्या रविवारी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावणं, आणि त्यानंतर आम्ही घरोघरी भेटीला जायचो. नोंदणीचं टेबल आत्याचं. बारा वर्षं तिने ते सांभाळलं आणि एका उन्हाळ्यानंतर सोडून दिलं. त्याला कारण मी.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजला सुट्टी होती. फॉर्म तपासायला आत्याने मला शेजारी बसवलं. पहिल्याच सकाळी एक मुलगी एकटीच आली. एका वेणीला रिबीन, दुसरीला नुसतं रबर. आत्याने तिचा फॉर्म वाचला, गठ्ठ्यावर ठेवणारच होती, तेवढ्यात मला शहाणपण सुचलं.

"आत्या, हे बघ. वरचं अक्षर आणि पालकांची सही एकाच हातची आहे."

आत्याने फॉर्म डोळ्यांजवळ नेला. मग मुलीला विचारलं, "सही कुणी केली गं?"

"आईने."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

"आईनेच केली, टीचर."

आत्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "देवाच्या दारात खोटं बोलू नये, बाळ," ती म्हणाली. "उद्या आईला घेऊन ये. मी स्वतः तुला आत नेऊन बसवीन."

तिने फॉर्म परत दिला. मुलीने त्याची नीट घडी घातली आणि ती गेली. चहाच्या वेळी आत्याने दोघातिघांना सांगितलं की, आमच्या पोरीची नजर तीक्ष्ण आहे. मी दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आत्या अधूनमधून गेटकडे बघायची. "चोरी पकडली गेली, आता कशाला येतेय," असं मीच म्हणाले. माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं.

वर्ग संपल्यावर आम्ही भेटींना निघालो. तिसऱ्या घरातून बाहेर पडताना तिथली बाई म्हणाली, "शेजारच्या खोलीतही डोकावून जा. तुम्ही येणार म्हणून तिथली बाई सकाळपासून वाट बघतेय."

खोलीत खिडकीला लागून एक खाट होती आणि खाटेवर एक बाई पडून होती. ओट्याशी तीच मुलगी भाजी निवडत होती. आम्हाला बघून तिचा हात थांबला.

"या, या," खाटेवरची बाई म्हणाली. "मला उठवत नाही, माफ करा. वर्ष झालं, माझी उजवी बाजू गेलीय. तुमच्या कागदावर सही करायची तर केवढी कसरत. हिने माझ्या बोटांत पेन धरलं, वरून स्वतःची मूठ आवळली. दोघींनी मिळून केली एकदाची."

आत्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"दहाही दिवस घरी येऊन मला सगळी गाणी म्हणून दाखवायची," आई सांगत होती. "गोष्टीसुद्धा. कागदाचं जे काही केलं ते तेवढं आणलं नाही. तुम्हीच ठेवून घेता ना?"

वर्ग भरतात त्या चर्चच्या हॉलच्या खिडक्या मागच्या गल्लीत उघडतात. खिडक्यांखाली एक कट्टा आहे, तिथे आतलं सगळं ऐकू येतं, पण सकाळभर सावली नसते.

"हो," आत्या म्हणाली. "आमच्याकडेच असतं."

"हिने त्रास नाही ना दिला?"

"छे. एक दिवस चुकली नाही. वेळेच्या आधी हजर असायची."

आत्याला खोटं बोलताना मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. मुलगी मान खाली घालून पुन्हा भाजी निवडायला लागली.

निघताना ती आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आली. आत्या पहिल्याच पायरीवर थांबली. "बाळ, तू खरं बोलत होतीस. चूक माझी झाली, मला माफ कर. पुढच्या उन्हाळ्यात ये. पहिलं नाव तुझंच लिहीन."

चूक माझी होती. मी तिथेच उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही.

"पुढच्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांची असेन, टीचर," मुलगी म्हणाली. "तुम्ही बारापर्यंतच घेता. फॉर्मवर लिहिलंय."

"ते राहू दे. वय काय लिहायचं ते मी बघते."

"नको," ती म्हणाली. "आधीच माझ्यासाठी तुम्हाला आईशी खोटं बोलावं लागलं."

तो टोमणा नव्हता. तिला आत्याची खरंच काळजी वाटत होती. आतून आईची हाक आली, तशी ती आत गेली.