मालकानं त्या दिवशी जायचं नसतं

आमच्या ह्यांनी बोरीवलीतलं शाळेच्या गणवेशांचं दुकान बंद करून म्हशी घेतल्या, तेव्हा सोसायटीत हसं झालं. मीही हसले असते, पण मला रडू येत होतं. शाळा स्वतःच गणवेश विकायला लागल्या होत्या आणि ऐन जूनमध्ये दुकानात माशा मारत बसायची वेळ आली होती, हे खरं. पण म्हणून म्हशी? ज्या माणसाला घरात मांजर चालत नव्हतं, तो पन्नाशी उलटल्यावर जोगेश्वरीच्या एका तबेल्यात सहा खुंटे भाड्यानं घेऊन बसला. दुधाची काही फॅशन बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

खुंटा म्हणजे एक म्हैस बांधायची जागा. भाडं खुंट्याचं असतं, म्हैस दूध देवो न देवो. त्यामुळे तबेल्यातला शिरस्ता सरळ आहे. म्हैस आटली की व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि तिच्या जागी दुसरी दुभती उभी राहते. आटलेली कत्तलखान्यात जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

दूध काढायला, शेण भरायला माणसं असतात. मालक लोक जनावराला सहसा हात लावत नाहीत. ह्यांच्या डोक्यातून मात्र दुकानदारी जाईना. गल्ल्यावर स्वतः बसल्याशिवाय धंदा होत नाही, म्हणून हे म्हशींजवळ बसायला लागले. सगळ्यांत आधी घेतलेली, एका शिंगानं वाकडी, ती तर ह्यांच्यावर जीवच टाकायची. मला तिचा राग यायचा, खोटं कशाला सांगू! माझ्याशी धड दोन शब्द न बोलणारा माणूस तिच्याशी तासभर बोलायचा.

पुढे ती आटली आणि पुन्हा गाभण राहिली नाही. तरी हे तिला खुंट्यावर ठेवून खाऊ घालत राहिले. इकडे पिशवीच्या दुधापायी आमचे रतीब एकेक करून तुटत होते. शेवटी बाकीच्यांच्या चाऱ्याचे वांधे झाले, तेव्हा ह्यांनी स्वतःच व्यापाऱ्याला फोन केला.

म्हैस न्यायच्या दिवशी मालकानं तबेल्यात जायचं नसतं. शेजारच्या म्हाताऱ्या तबेलेवाल्यानं हे त्यांना दोनदा बजावलं होतं. पण आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या हातात माल आपल्या हातानं दिलेला माणूस तो, ऐकतो कसला. मला सोबत चल म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की ह्यांचा धीर सुटलाय.

म्हैस टेम्पोच्या फळीवर चढेना. दोघांनी दोर ओढला, एकानं शेपटी पिरगळली, मग काठी बसायला लागली. ती पाय रोवून उभी. ह्यांनी पुढे होऊन काठी हिसकावून घेतली आणि स्वतःच टेम्पोत चढले. आत उभं राहून रोजच्यासारखी हाक मारली, "ये गं बाई, ये." ती मुकाट्यानं चढली आणि खायला मिळेल म्हणून ह्यांचा खिसा हुंगायला लागली. हे कसेबसे अंग चोरून खाली उतरले. मागची फळी लागली. मला तेव्हा तिचा राग नाही आला. ह्यांच्याकडे बघवत मात्र नव्हतं.

वर्षभरात उरलेल्या पाचही गेल्या. खुंटे सोडले. आता तबेल्यात आमचं काहीच नाही. पण व्यापाऱ्यांत बोलबाला झाला तो झालाच. कोणाची म्हैस अडून बसली की ह्यांना फोन येतो. गणवेशांच्या दुकानात ह्यांना इतके फोन कधी आले नव्हते. हे शर्ट घालतात आणि निघतात. परक्याच्या म्हशीजवळ आधी घटकाभर बसतात, तिच्याशी बोलतात, आणि मग पुढे होऊन टेम्पोत चढतात.

मी परवा चिडून म्हटलं, "अहो, कशाला जाता? तुमची थोडीच आहे ती?"

चपला घालताना मान वर न करताच म्हणाले, "जायची तर ती आहेच गं. मी गेलो, तर निदान मार न खाता जाते."