चौकशी खिडकीतला आवाज

"भाऊ, आयकू आलं का?"

मेहकरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीतून अर्धं डोकं बाहेर काढून, डावा पंजा कानामागे धरून बाई मला हे विचारायच्या. प्रत्येक घोषणेनंतर. खिडकीसमोर वीस पावलांवर माझा पेपरचा स्टॉल, आणि कर्णा बरोबर माझ्या डोक्यावर टांगलेला. त्यामुळे ऐकू न येण्याचा प्रश्नच नव्हता, माझे तर कान किटायचे. पण त्यांनी विचारायचं, मी हात वर करायचा आणि मग त्यांनी डोकं आत घ्यायचं, हा आमचा अकरा वर्षांचा नेम होता.

हुद्द्याने त्या वाहतूक नियंत्रक. लोक कंट्रोलरबाई म्हणायचे. राहायला जानेफळला, मुलगा आणि सुनेजवळ. सकाळच्या पहिल्या गाडीने यायच्या. आवाज असा स्वच्छ, की कर्ण्याची खरखरसुद्धा त्यापुढे दबून जायची. तुम्ही कधी मेहकरला गाडी बदलली असेल, तर तुम्हीही तो ऐकला असेल आणि कोणाचा आहे ते न बघताच गाडीत चढला असाल. सगळेच तसं करतात. स्वतःच्या गावचं नाव घेताना मात्र त्या 'जाने' एवढं म्हणून किंचित थांबायच्या आणि मग 'फळ' म्हणायच्या. ते मी एकटाच टिपायचो, असा माझा समज होता.

एका मे महिन्यात, भर दुपारी, कर्ण्यातून पुरुषाचा आवाज आला. घोगरा, जड, शब्दाशब्दाला अडत चाललेला. मला वाटलं, बाई रजेवर गेल्या आणि कोणी बदली माणूस आला. तेवढ्यात खिडकीतून बाईंचं डोकं बाहेर आलं, पंजा कानामागे गेला आणि त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "भाऊ, आयकू आलं का?"

माझा हात काही वर गेला नाही.

स्टॉल तसाच सोडून मी आत गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि बाई पंखा बंद करून, स्वेटर घालून, कानाला स्कार्फ गुंडाळून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ होत होत नाहीशा झालेल्या. रोज बघणारा माणूस मी, पण वीस पावलांवरून मला यातलं काही दिसलं नव्हतं.

"थंडी वाजून राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमाले नाही वाजत?"

स्टँडवर कुजबुज सुरू व्हायला वेळ लागत नाही. बाईंच्या तोंडून दुसरंच कोणी बोलतं, असं लोक म्हणू लागले. एक दिवस खिडकीच्या कठड्यावर कोणीतरी हळदकुंकू लावलेलं लिंबू ठेवून गेलं. बाईंनी ते धुतलं, कापलं आणि डब्यातल्या पोह्यांवर पिळलं. "आमच्या घरी बाबासाहेबाचा फोटो हाये, असलं काई चालत नाही," त्या म्हणाल्या. मला हसू आलं. पण पोहे खाता खाता त्या थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक सांगू का भाऊ? मले बी कधी कधी वाटते, हे मी नाही बोलून राह्यली."

पुढे रक्त तपासलं तेव्हा निघालं ते थायरॉईड. गळ्यातली ती ग्रंथी आळसावली होती, म्हणून सूज, म्हणून थंडी, म्हणून आवाजही बसलेला. डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी घ्यायला सांगितली, आणि ती आता कायमची. नाव कळलं की अर्धी भीती जाते म्हणतात. आमची काही गेली नाही, कारण गोळीने फरकच पडेना. तपासणीला गेल्या की डॉक्टर विचारायचे, उपाशीपोटी घेता ना? बाई म्हणायच्या, "हाव." मग डॉक्टर गोळी वाढवून द्यायचे. तीनदा वाढवली.

त्याच दिवसांतली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. दुपारची वेळ होती. कर्ण्यातून तो जड आवाज म्हणाला, "पिंपळगाव राजाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." ती गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. फलाट चार रिकामा होता. पण बाकावरची एक म्हातारी उठली, गाठोडं काखेत घेतलं आणि चारवर जाऊन उभी राहिली. मी बाईंकडे धावलो. त्या माइककडे बघत बसल्या होत्या. "बोलली काय मी?" त्यांनी विचारलं. "मले तं काईच याद नाही." मी परत आलो तर म्हातारी चारवर नव्हती. बाकावर नव्हती, फाटकाबाहेरही नव्हती. गेली असेल दुसऱ्या गाडीने. मी तसंच धरून चाललोय.

मेख कुठे होती, ते मलाच सापडलं, आणि इथेच माझी मान ताठ झाली. आमच्या स्टँडवर एक रीत आहे. सकाळी स्टँडवरून सुटणाऱ्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर कँटीनचा चहा घेऊन आधी चौकशीच्या खिडकीत देतो, मगच गाडी फलाटावर लावतो. तो चहा नाकारायचा नसतो. नाकारला तर ड्रायव्हर दिवसभर घुश्शात असतो. मी एकदा पेपरचे गठ्ठे सोडताना पाहिलं, तर बाईंनी पर्समधून गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि त्या चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"अहो, उपाशीपोटी घ्यायची ना?"

"मग उपाशीच तं हाये! चाय म्हंजे काई खानं होय का? चाय तं उपासालेही चालते."

पेपरवाला असल्यामुळे आपल्याला सगळं कळतं, अशी माझी समजूत. मी गोळीच्या डबीतली चिठ्ठी काढली, बारीक अक्षरं मोठ्याने वाचली आणि निकाल दिला. चहा गोळीला अंगी लागू देत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा तासाभराने. बाईंनी दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहाच सोडला. रुसलेल्या ड्रायव्हरची समजूत मी काढली.

दीड महिन्यात सूज उतरली. स्वेटर खुंटीला गेला. आणि एका सकाळी कर्ण्यातून बाईंचा स्वतःचा आवाज आला, धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. 'जाने', किंचित थांबून 'फळ'. मी दोन्ही हात वर केले. कँटीनवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे मला शाबासकी देऊन गेले, आणि मी ती घेतली. त्याच आठवड्यात मशीनवर घोषणा भरायला माणूस आला. पुढे कंट्रोलर नसला तरी गाड्या पुकारल्या जाव्यात म्हणून. बाईंनी तालुक्यातली सगळी गावं एका बैठकीत म्हणून दिली.

पण चढलेला आवाज तिथे थांबला नाही. तो आणखी चढला, भराभर झाला. बाई वाळू लागल्या. ऐन थंडीत पदराने घाम पुसायच्या, पास लिहिताना पेन थरथरायचं. आणि गाडी फाटकात दिसायच्या आधीच त्या पुकारायला लागल्या. माणसं रिकाम्या फलाटाकडे बघत राहायची आणि चार-पाच मिनिटांनी तीच गाडी आत वळायची. एकदा नाही, दिवसातून तीन-चारदा. मोबाइलवर ड्रायव्हर सांगत असतील, असं मी म्हटलं. बाईंचा मोबाइल तेव्हा माझ्या स्टॉलवर चार्जिंगला लावलेला होता.

"उरात गाडी चालू हाये भाऊ," एकदा त्यांनी सांगितलं. "डायवर उतरला न् इंजन बंदच नाही केलं."

"डॉक्टरला दाखवा."

"तो गोळी कमी करंन. मंग माहा आवाज पुन्हा जाईन." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्या आवाजात मले जानेफळचं नाव नाही घ्याचं."

तेव्हा मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगतो, कळलं होतं. ती गोळी तीनदा वाढवली होती ती चहात वाया जात होती म्हणून. चहा सुटल्यावर ती पूर्ण अंगी लागायला लागली, म्हणजे ती कमी करायला हवी होती. चिठ्ठीत शेवटी लिहिलंही होतं, छातीत धडधड झाल्यास डॉक्टरांना कळवावे. मी ती ओळ बाईंना वाचून दाखवली नाही. त्यांच्या मुलाला फोन केला असता तरी चाललं असतं. पण तो आवाज परत आणल्याची शाबासकी माझ्याकडे होती, आणि ती मला सोडवेना. याची मला लाज वाटते.

दुपारी साडेतीनच्या गाडीची घोषणा होती. "मेहकरहून जाने," बाई म्हणाल्या आणि नेहमीसारख्या थांबल्या. मी पुढच्या अक्षराची वाट पाहिली. कर्ण्यातून नुसता श्वास येत राहिला, मोठा, अख्ख्या स्टँडभर. माणसं वर बघायला लागली. मी धावत गेलो तेव्हा बाई खुर्चीत तिरप्या झाल्या होत्या. उजवा हात लोंबत होता. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता.

हृदयाचे ठोके बिघडून रक्ताची गुठळी मेंदूत गेली, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. जीव वाचला. उजवी बाजू आणि बोलणं गेलं ते गेलंच.

खिडकी आता बंद असते. गाड्या मशीन पुकारतं, बाईंच्या आवाजात. त्या आठवड्यात भरून घेतलेला तो चांगला आवाज, ना जड ना घाईचा. घोषणेनंतर खिडकीतून डोकं येत नाही, तरी माझा हात उठतो. नवी माणसं मला वेडा समजतात.

परवा मी जानेफळला गेलो. माफी मागायची असं गाडीत घोकत गेलो होतो. बाई ओसरीवर खुर्चीत होत्या. भुवया भरून आल्या होत्या, चेहरा अगदी पूर्वीचा. सुनेने सांगितलं, गोळी आता मोजून कमी केली आहे, आणि चहा तासाभराने देते. मी माफी मागितली. बाईंनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मग मी मोबाइलमध्ये स्टँडवरून भरून आणलेला आवाज लावला. वाटलं, बरं वाटेल.

"मेहकरहून जाने... फळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या, कोणा परक्याचं ऐकावं तसं. मग त्यांनी डाव्या हाताने काठी घेतली. कष्टाने उठल्या. खुंटीवरची पर्स खांद्याला अडकवली आणि ओसरीच्या पायरीशी जाऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"बसा न आई," सून म्हणाली. "गाडी नाही हाये."

बाई बसल्या नाहीत. खांबाला टेकून काठी सोडली, माझ्याकडे वळल्या, आणि डावा पंजा हळूहळू कानामागे नेला.

मी हात वर केला.

"आलं बाई," मी म्हटलं. "आयकू आलं."