ब्लाऊजवाल्या काकू आणि तपकिरी पाहुणे

आमच्या बऱ्हाणपुरात कुत्र्यांना अहो-जाहो आणि माणसांना अरे-तुरे करणारी व्यक्ती एकच, आणि ती नेमकी माझ्या घरासमोर राहते. बुधवारा मोहल्ल्यात त्यांना सगळे ब्लाऊजवाल्या काकू म्हणतात. साठी उलटलेली, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या ओठांत असतात तेवढा वेळच काय ती गल्लीला शांतता. दुकानाच्या पायरीवर एखादा कुत्रा पसरलेला असला की काकू म्हणणार, "अहो, जरा सरकता का? गिऱ्हाईक येऊन राहिलं." आणि त्याच गिऱ्हाइकावर लगेच ओरडणार, "डोळे आहेत का गं तुला? त्यांच्या शेपटीवर पाय देशील!" एकदा एक नवरीमुलगी ब्लाऊज न्यायला आली, तर तिच्याच कपड्यांच्या गाठोड्यावर एक म्हातारं कुत्रं गाढ झोपलेलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "लग्न उद्या आहे ना? मग आज झोपू दे त्यांना. संध्याकाळी ये."

गेल्या हिवाळ्यात काकू अस्तराचं कापड आणायला लोधीपुऱ्याकडे गेल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत केळीच्या ट्रकने एका तपकिरी कुत्र्याला उडवलं. काकूंनी अस्तर घेतलं खरं, पण त्यात कुत्र्याला गुंडाळलं आणि रिक्षाने थेट माझ्या दारात आल्या. मी शाळेतून येऊन चहा घेत होतो.

"मास्तर, चप्पल घाल आणि चल."

"कुठे?"

"रिक्षात सांगते."

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मागच्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. ऑपरेशन करून हाडाला धातूची पट्टी बसवली तर ठीक, नाहीतर पाय कापावा लागेल. उशीर केला तर तेवढ्यावरही भागणार नाही. आणि ऑपरेशनची सोय इंदूरला. काकूंनी तासाभरात फौज उभी केली. लोधीपुऱ्यातल्या निवृत्त नर्सबाईंना सलाईन धरायला बोलावलं. गाडीसाठी केळीचे व्यापारी असलेल्या शेठना फोन केला. शेठच्या मुलीच्या लग्नाचे अकरा ब्लाऊज काकूंकडे होते, आणि काकूंनी फक्त तेवढी आठवण करून दिली. शेठ स्वतः पिकअप घेऊन हजर झाले.

पिकअपमध्ये केळीची पानं, त्यावर गादी, गादीवर कुत्रा, शेजारी सलाईन धरून नर्सबाई आणि मांडी घालून काकू. प्रत्येक खड्ड्याला त्या केबिनच्या काचेवर टिचकी मारायच्या, "शेठ, हळू! आत्ताच डोळा लागलाय त्यांचा." घाटात शेठ वैतागून केबिनमध्ये शेजारी बसलेल्या मला म्हणाले, "मास्तरजी, अपनी बारात में भी इतना धीरे नहीं गया था मैं!"

इंदूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे केला. "ओनर कौन है?"

"ओनर कसला?" काकू म्हणाल्या. "आम्ही ओळखीचे."

मग डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की रक्त बरंच गेलंय, भूल दिल्यावर तो उठेलच असं नाही. ओठांत एकही टाचणी नसताना काकू गप्प झालेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. त्यांनी सही केली आणि बाकावर बसल्या. दोन मिनिटांनी पिशवीतून सुईदोरा काढला. शेजारच्या मुलीच्या ओढणीची उसवलेली कड शिवली. मग वॉचमनच्या सदऱ्याचं बटण. मग शेठचा खिसा, तोही अंगातच. अडीच तासांत त्या दवाखान्यात एकही सैल बटण उरलं नाही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा काकूंनी मान वर न करता विचारलं, "पाय?"

"है माँजी. चारों हैं. और होश भी आ रहा है."

काकूंनी हातातला दोरा दाताने तोडला आणि शेठच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडल्या. शेठ बिचारे अवघडून गेले, पण हलले नाहीत.

पुढचे दोन महिने रुग्णाचा मुक्काम दुकानात. टाके चाटू नयेत म्हणून काकूंनी त्याला पायजमा शिवला, वर कडांना पायपिंगसकट. आम्ही पाळीपाळीने त्याला फिरवायचो. त्याच्यासाठी घर शोधायची वेळ आली तेव्हा काकूंनी येईल त्याला नापास केलं. एकजण म्हणाला, गच्चीवर बांधून ठेवू. "आधी तू बस एक दिवस गच्चीवर, मग बोलू," असं म्हणून त्याला वाटेला लावलं. शेवटी धूलकोटकडचे एक शेतकरी आले. भिंतीला टेकून खाली बसले, चहा घेतला, तासभर तसेच बसून राहिले. कुत्राच हळूहळू लंगडत गेला आणि त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवून पडला. काकू शिलाई मशीनकडे तोंड करून म्हणाल्या, "घेऊन जा, भाऊ. माझा विचार बदलायच्या आत."

महिन्याने आम्ही दोघं माझ्या गाडीवरून त्याला बघायला गेलो. बांधावरूनच त्याने काकूंना ओळखलं, धावत आला आणि त्यांचा चष्मा पाडून सगळं तोंड चाटलं. तेवढ्यात त्या शेतकरी भाऊंनी शेतात जाता जाता शीळ घातली. कुत्रा थबकला, काकूंकडे एकदा पाहिलं आणि कपाशीत घुसला.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"नको, मास्तर. पाय कसा टाकून राहिले, ते बघू दे."

कपाशीच्या ओळींमधून ती तपकिरी शेपटी दिसेनाशी झाली, तरी काकू कपाळावर हात धरून तिकडेच बघत होत्या. मीही गाडीची किल्ली खिशातच राहू दिली.